चालता भोंगा

वैशाख संपता संपता भोंगा हातात देतो, असं मुकुंदने कबूल केलं होतं. आता ज्येष्ठ लागून आठवडा होत आला होता आणि मुकुंद सकाळपासून फोनही उचलत नव्हता.

तळेपार नगरपरिषदेच्या उष्मा कक्षात अश्लेषा लांजेवार खिडकीशी उभी होती. बाहेर ऊन असं नव्हतंच. आभाळ दुधट झालं होतं, तलावांवरून चिकट वारा येत होता, आणि तो अंगाला लागूनही घाम वाळत नव्हता. भिंतीवरच्या पडद्यावर गावाचा नकाशा होता आणि नकाशाखाली एकच आकडा, ओल्या पाऱ्याचा. सकाळपासून तो चढतच होता. दोन-तीन दिवसांत तो धोक्याच्या रेषेला टेकेल, असं हवामान केंद्राने कळवलं होतं.

ओला पारा म्हणजे काय, हे गावाला समजावताना अश्लेषाची दमछाक व्हायची. साधा तापमापक घ्यायचा, त्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि वारा घालायचा. फडक्यातलं पाणी वाळतं तसा पारा उतरतो. माठ गार होतो तो असाच, आणि माणसाचं शरीरही. घाम वाळतो म्हणून आपण जगतो. पण हवाच पाण्याने गच्च असली तर फडकं वाळत नाही, पारा उतरत नाही आणि घाम नुसता गळत राहतो. मग सावलीत बसा, पंखा लावा, घागरभर पाणी प्या, आतल्या उष्णतेला बाहेर पडायला वाटच उरत नाही. कोरड्या उन्हात दिवसभर राबणारा धडधाकट माणूस अशा ओल्या हवेत सावलीत बसल्या बसल्या काही तासांत जातो.

इलाज एकच होता, थंड आणि कोरड्या हवेच्या खोलीत जाऊन बसणं. तळेपारात त्यासाठी तीन गारवाघरं बांधली होती. तलावपुऱ्यात एक, बाजारपुऱ्यात एक, गिरणीपुऱ्यात एक. अडचण होती ती माणसांना तिथवर नेण्याची. गेल्या वर्षी फोनवर इशारे पाठवले होते. पण फोन दिवसभर कशा ना कशासाठी किणकिणतच असतो. जो आवाज येणार हे मेंदूला आधीच ठाऊक असतं, तो कानावर पडतो आणि मनापर्यंत पोचतच नाही. गिरणीपुऱ्यात भाताच्या पोत्यांच्या आडोशाला विसावलेले हमाल त्या दुपारी उठलेच नाहीत. त्यांच्या खिशातले फोन मात्र तेव्हाही वाजत होते.

म्हणून या वर्षी गावभर खांबांवर कर्णे बसवले गेले आणि त्यांतून वाजवायचा आवाज करून घेण्यासाठी अश्लेषाला वेगळी तरतूद मिळाली. यंत्राकडून करून घेतला असता तर त्या तरतुदीतलं बरंच उरलं असतं. माणसाकडून घ्यायचा तर ती जेमतेम पुरणार होती. अश्लेषाने माणूस निवडला. तो माणूस तिचा सख्खा मोठा भाऊ आहे, हे तिने फायलीत स्वतःहून लिहिलं, वरून मंजुरी आणली, आणि तरी ऑफिसात कुजबुज झाली ती झालीच.

मुकुंदने झाडीपट्टीच्या नाटकांत आयुष्य काढलं होतं. ऑर्गन वाजवायचा, चाली बांधायचा. शेतात उभारलेल्या मंडपात हजारोंचा गलका चाललेला असायचा, आणि याने दोन पट्ट्या दाबल्या की सगळा मंडप रंगमंचाकडे वळायचा. नाटकांना यंत्राचं संगीत परवडू लागलं तसं त्याचं बोलावणं कमी होत गेलं. या कामासाठी तो अश्लेषाकडे येऊन राहिला होता. त्यांची आईही तिच्याचकडे असायची.

शेवटी अश्लेषा जेवणाच्या सुट्टीत घरीच गेली. मुकुंद नुकताच बाहेरून आला होता. गळ्यात ध्वनिमुद्रक, सदरा पाठीला चिकटलेला.

"दादा, आज तरी दे."

"काय देऊ? झालं नाही अजून."

"जेवढं झालं तेवढं दे."

"अर्धी कच्ची भाकर वाढू का लोकांना?" मुकुंद खाली बसला. "हे बघ आशू. सगळ्या खांबांवरून एकदम बोंब ठोकली की माणूस दचकतो. पण त्याने जायचं कुठे? आवाज चहूबाजूंनी आला म्हणजे कुठूनच आला नाही. माझा भोंगा चालणार आहे. लांबच्या खांबावर सुरू होईल, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या, असा गारवाघरापर्यंत. जवळच्या कानाला आवाज आधी पोचतो, लांबच्या कानाला किंचित उशिरा. तेवढ्यावरून माणसाला दिशा कळते, विचार करावा लागत नाही. मेंढरांमागे मेंढरू जातं तसा तो आवाजामागे जातो."

"मग अडलंय कुठे?"

"तलावपुरा झाला. बाजारपुरा झाल्यातच जमा. गिरणीपुरा सोडत नाही. तिथे गिरणीचे पत्रे आहेत ना, लांबलचक. आवाज त्यांच्यावर आपटून परत येतो अन् उलटा चालतो. खांबाखांबाची वेळ हाताने बसवावी लागते."

"किती दिवस?"

"आवाज बसला की सांगतो."

"आवाज कधीही बसेल दादा, पारा थांबणार नाही. मला साहेबांना तारीख द्यायची आहे."

"मग खोटी दे," मुकुंद म्हणाला. "मी कधी खोटी तारीख दिली नाही."

"दिलीस. वैशाखाची."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. "आधी दोन घास खाऊन घ्या दोघंही," ती म्हणाली. दोघांनीही ऐकलं नाही. अश्लेषा तशीच उपाशी ऑफिसला परतली.

मुख्याधिकारी पारधी साहेब तिची वाटच पाहत होते. त्यांच्या टेबलावरच्या पडद्यावर पुण्याच्या स्वनिक कंपनीची ईशानी सबनीस होती. हसतमुख, घाई नसलेली. तिच्या मागे कुठेतरी गार खोली असणार, असा उगाच एक विचार अश्लेषाच्या मनात येऊन गेला.

"मॅडम, पूर्वी असं म्हणायचे की स्वस्त, लवकर आणि चांगलं, यांतलं काहीही दोन मागा, तिसरं सोडा," ईशानी म्हणाली. "आमच्याकडे तिन्ही मिळतं. आणि चांगलं म्हणजे किती चांगलं, ते आकड्यात मिळतं."

तिने समजावलं ते असं. कंपनीने कित्येक स्वयंसेवकांना मेंदूचा आलेख काढणाऱ्या यंत्रात झोपवून नाना तऱ्हेचे आवाज ऐकवले होते. कोणत्या आवाजाला मेंदूचा कोणता भाग किती चेततो, याची ती सगळी माहिती गोळा करून तिच्यावरून ऐकणाऱ्या मेंदूची एक संगणकी नक्कल घडवली होती. तिचं नाव श्रुतिप्रतिकृती. आता जिवंत माणसांची गरजच नव्हती. यंत्र एका दमात हजारो आवाज तयार करायचं, ते या प्रतिकृतीला ऐकवायचं, जे सर्वांत जास्त लक्ष खेचतील ते निवडायचं, त्यांचा आपसात संकर करायचं आणि पुन्हा ऐकवायचं. बियाणं निवडत निवडत वाण सुधारावं, तसं. शेतात त्याला वर्षं लागतात, इथे दुपार पुरत होती. शेवटी उरलेल्या आवाजाला लक्षवेध नावाचा गुण मिळायचा.

"तळेपारसाठी आत्ताच करून पाहिला. शंभरात सत्त्याण्णव. आणि कितीही वेळा वाजवला तरी कानाला त्याची सवय होत नाही."

"हा ऐकून लोक काय करतात?" अश्लेषाने विचारलं.

"लक्ष देतात."

"आणि मग?"

"मग तुमची घोषणा ऐकतील ना, गारवाघरात चला म्हणून. ती मध्ये मध्ये घालून देतो आम्ही."

अश्लेषाला आणखी काहीतरी विचारायचं होतं. नेमकं काय, ते शब्दांत सापडेना. पारधी साहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम, पारा दोन दिवसांवर आलाय. गेल्या वर्षी गिरणीपुऱ्यातल्या हमालांच्या बायकांना तोंड तुम्हीच दिलं होतं, विसरला असाल तर आठवा. तुमच्या भावाचा आकडा काय आहे?"

मुकुंदचा आकडा नव्हता. त्याची तारीखसुद्धा नव्हती. अश्लेषाने सही केली.

संध्याकाळी आवाज आला. ऑफिसातल्या सगळ्यांना एका खोलीत बसवून तिने तो वाजवला. त्याचं वर्णन करणं कठीण होतं. कुठेतरी तान्ह्या पोराचं कळवळून रडणं, कुठेतरी काच तडकणं, आणि खाली, फार खाली, जमीन सरकल्यासारखी घरघर. यांतलं एकही स्वच्छ ऐकू येत नव्हतं, पण सगळं होतं. चहाचा कप तोंडाशी नेलेला कारकून तसाच थांबला. बोलत असलेल्यांचे शब्द तोंडात राहिले. आवाज बंद झाल्यावरही थोडा वेळ कुणी हललं नाही.

सगळ्यांनी ऐकलं, एकाचंही दुर्लक्ष झालं नाही. बऱ्याच दिवसांनी अश्लेषाला मोकळा श्वास घेता आला.

मुकुंदला तिने समोर बसून सांगितलं. तो चिडेल, ओरडेल, असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, "बरं." मग कानांवरचा श्रवणसंच काढून त्याने टेबलावर ठेवला. "तुझ्या साहेबांना सांग, माझं बिल येणार नाही. काम मात्र मी पुरं करणार. अर्ध्यावर सोडलेली चाल मला झोपू देत नाही." त्यानंतर भाऊ-बहिणीत बोलणं राहिलं नाही. आईमार्फत निरोप जात होते.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेआधीच ओला पारा रेषेवर गेला. वारा पडला होता. तलावावरचे बगळेसुद्धा चोची उघड्या टाकून झाडांत बसले होते. अश्लेषाने कक्षाची दारं लावून घेतली, गारवाघरांच्या कॅमेऱ्यांचे पडदे सुरू केले आणि कळ दाबली. कक्षाच्या जाड काचांतून बाहेरचा भोंगा अस्पष्ट ऐकू येत होता.

तिन्ही गारवाघरं रिकामी होती. साहजिक आहे, तिने स्वतःला सांगितलं, आत्ता तर सुरुवात आहे. म्हातारी माणसं, लहान मुलं, आवरायला वेळ लागणारच. तिने रस्त्यांवरचे कॅमेरे पाहिले. रस्ते मोकळे होते. काही वेळापूर्वी बाजारपुऱ्यात कलिंगडाच्या गाड्याशी दोघं-तिघं उभे होते, तेही दिसेनात. म्हणजे निघाले. पण गारवाघरात येत कुणीच नव्हतं. पारधी साहेब मागे येऊन उभे राहिले. "कुठे गेले सगळे?" त्यांनी विचारलं. अश्लेषा एकेक कॅमेरा पुन्हा पाहू लागली.

तेवढ्यात फोन वाजला. मुकुंद होता. बोलणं बंद झाल्यापासून पहिल्यांदाच.

"आई दार उघडत नाही."

"म्हणजे?"

"मी गिरणीपुऱ्यातून परत आलो तर आतून कडी. खिडक्या लावल्यात, पंखा बंद आहे. मी दारात उभा राहून हाका मारतोय. म्हणते, बाहेर काहीतरी हाय, तू पळ. आशू, सगळ्या गल्लीची दारं बंद आहेत. मी कानांवर श्रवणसंच घालून आलो, येताना पाहिलं. लोक धावत आले अन् घरात शिरून कड्या लावून घेतल्या."

अश्लेषा गच्चीकडे गेली. दार उघडताच भोंगा अंगावर आला. या आवाजावर सही तिने केली होती. तो कर्ण्यातून येतो, त्याचा कर्ता पुण्यातलं एक यंत्र आहे, त्याला घाबरण्यासारखं काही नाही, हे तळेपारात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तिचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडेना. मध्येच घोषणा झाली, गारवाघरात चला, आणि ते शब्द कुणीतरी दूरवर दुसऱ्याशी बोलावं तसे तिच्यावरून निघून गेले. भ्यालेलं जनावर जवळचा आडोसा गाठतं आणि अंग चोरून बसतं. संकट कुठल्या बाजूने येतंय ते कळलं नाही तर ते तिथून हलतसुद्धा नाही.

बंद घरांतल्या हवेचा विचार तिच्या मनात आला. खिडक्या लावलेल्या, पत्र्याखालच्या खोल्या. ती कशीबशी मागे वळली आणि कळ उलटी दाबली.

भोंगा थांबला.

"अहो, बंद काय करता?" पारधी साहेब ओरडले. "लोकांना कळणार कसं?"

"कळलंय त्यांना साहेब. म्हणूनच ते घरात बसलेत." तिने फोन कानाला लावला. "दादा, ऐक. तुझं काय तयार आहे?"

"तलावपुरा. बाजारपुरा. पण बाजारपुऱ्यात चौकाजवळ दोन खांब अजून..."

"लाव."

"आशू, ते कच्चं आहे. अन् गिरणीपुऱ्यात तर उलटं चालतंय. तिथे लावलं तर लोक गारवाघर सोडून गिरणीच्या भिंतीशी जाऊन उभे राहतील. उघड्यावर."

"गिरणीपुरा सोड. दोन पुरे लाव. मी हात जोडते."

मुकुंदने आयुष्यात कधी कच्ची चाल मंडपात नेली नव्हती, हे तिला माहीत होतं. मग पिशवीतून काढलेल्या संगणकाच्या पट्ट्यांवर चाललेला त्याचा हात ऐकू आला, आणि पडद्यावर तलावपुऱ्यातला सर्वांत लांबचा खांब हिरवा झाला.

ऑर्गनचे चार-पाच सूर होते. ते एका खांबावर उमटायचे, तिथून पुढच्या खांबावर, मग त्याच्या पुढे. गावातून कुणीतरी ऑर्गन गळ्यात अडकवून चालत निघावं, तसे. पहिली फेरी गेली, दारं बंदच. दुसऱ्या फेरीला एक दार किलकिलं झालं. मग एक बाई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बाहेर आली, सूर गेले त्या बाजूला तिने पाहिलं आणि चालू लागली. तिच्यामागे शेजारचे निघाले. आईने दार उघडलं होतं. मुकुंद तिचा दंड धरून तिला नेत असलेला अश्लेषाला कॅमेऱ्यात दिसला आणि तिने तिकडून नजर काढून घेतली. तिला गिरणीपुऱ्यात पोचायचं होतं.

ती, पारधी साहेब आणि ऑफिसातली झाडून सगळी माणसं बर्फाची जाकिटं घालून गिरणीपुऱ्यात शिरली. दार दार ठोठावत, हाका मारत. कुणी ओळखीचा आवाज ऐकून उघडायचं, कुणाला खिडकीतून तोंड दाखवावं लागायचं. पत्र्यांमुळे गल्ल्या भट्टीसारख्या झाल्या होत्या. गिरणीमागच्या गल्लीत सोमाजी मेंढे यांच्या घराला कितीही हाका मारल्या तरी आतून ओ आली नाही. दार मोडावं लागलं. सोमाजी भिंतीशी बसले होते, शुद्ध हरपत चाललेली. त्यांची बायको अनुसया दाराशीच पडली होती, हात कडीपाशी. ती कडी लावत होती की काढत होती, हे आता कधीच कळणार नव्हतं. सोमाजींना गारवाघरात नेल्यावर तास-दीड तासाने शुद्ध आली. अनुसयाबाईंना आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ तसंच दुधट होतं. दुपारी पारा पुन्हा रेषेवर जाणार होता.

ईशानीचा चेहरा आज हसतमुख नव्हता. "मॅडम, आम्ही शोध घेतला," ती म्हणाली. "आमच्या स्वयंसेवकांना यंत्रात झोपवताना डोकं पट्ट्याने बांधलेलं असतं. हलायचं नाही, अशी ताकीद असते. नाहीतर आलेख बिघडतो. त्यामुळे प्रतिकृती जे शिकली ते..." ती थांबली.

"ते न हलणाऱ्या माणसांचं ऐकणं," अश्लेषा म्हणाली.

"हो. पण आता चालण्याचाही गुण धरून नवा आवाज करता येईल. तासाभरात देतो. पैसे लागणार नाहीत."

पारधी साहेबांनी अश्लेषाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर रात्रभराचा थकवा होता. "तासाभरात म्हणताहेत," ते हळूच म्हणाले. "तुमचे बंधू काय म्हणतात?"

"पहाटे फोनवर म्हणाला, गिरणीपुऱ्याला अजून चार दिवस."

"मग?"

अश्लेषाला खरोखरच मोह झाला. तासाभरात, फुकट, आणि पाठीशी एक आकडा. उद्या कुणी जाब विचारला तर दाखवायला काहीतरी. पण तिला गच्चीच्या उंबऱ्यावरचे आपले पाय आठवले. "कालचा आकडाही खोटा नव्हता साहेब," ती म्हणाली. "तो भलत्याच गोष्टीचा होता. हा कशाचा आहे, ते आपल्याला दुपारी कळेल. मला ते लोकांवर करून बघायचं नाही. दुपारपर्यंतचा वेळ मला द्या."

मुकुंद गिरणीपुऱ्यात एका खांबाखाली ओट्यावर बसला होता. समोर संगणक, पण हात मांडीवर. तो रात्रभर घरी आला नव्हता. अश्लेषा त्याच्या शेजारी बसली.

"आठवड्याआधी जेवढं होतं तेवढं तुला दिलं असतं तर..." तो म्हणाला.

"आणि मी सही केली नसती तर," ती म्हणाली.

समोरून सोमाजींच्या घराकडे जाणारी माणसं चालली होती.

"दादा, दुपारी पुन्हा चढतोय. चार दिवस नाहीत. काय सोडता येईल तुला?"

"सोडायचं म्हणजे?"

"चाल सोडता येईल? सूर सोडता येतील? नुसतं चालणं ठेवून?"

मुकुंदने तोंड फिरवलं. त्याला हे किती लागलं ते तिला दिसत होतं. मग तो म्हणाला, "सुरांची शेपटी लांब असते. तीच पत्र्यावर घोळत राहते. त्याऐवजी लाकडी टाळीसारखा तुटक ठोका दिला, तर परत यायला काही उरणार नाही. कानाला गोड नाही लागणार. भिकार वाजेल."

"वाजू दे."

"अन् ही गिरणीमागची गल्ली तरीही नाही सुटायची. दोन्हीकडून पत्रे आहेत. इथे आवाज उलटाच जाईल. ही बंद ठेवू."

"बंद ठेवली तर हे लोक बाहेरच येणार नाहीत. तू लाव. उलटा जाऊ दे. या गल्लीत मी उभी राहते."

मुकुंदने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने संगणक पुढे ओढला. सकाळभर दोघं खांबाखांबाखाली फिरले. तो ठोके मागेपुढे सरकवायचा, ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून हाताने दिशा दाखवायची. डावीकडे, अजून डावीकडे, आता बरोबर. एकदा त्याने एकच खांब परत परत वाजवून पाहायला घेतला, तेव्हा तिने दुरूनच ओरडून सांगितलं, "पुरे, पुढचा घे!" आणि तो पुढचा घेता झाला.

दुपारी अश्लेषा बर्फाचं जाकीट घालून गिरणीमागच्या गल्लीत एकटी उभी राहिली. गल्लीच्या एका टोकाला गिरणीची भिंत, दुसऱ्या टोकाने गारवाघराचा रस्ता. दोन्ही बाजूंची सगळी दारं लावलेली. अजून काही वाजलंही नव्हतं, तरी लावलेली. कालचा आवाज बंद झाला होता, पण त्याने शिकवलेलं गेलं नव्हतं. कर्णा म्हणजे भीती, एवढं लोकांच्या अंगात मुरलं होतं. आता त्याच कर्ण्यातून ठोके येणार होते. दार उघडण्याऐवजी आणखी एक कडी लावली तर? एका दुपारची भीती जायला किती दुपारी लागतात, हे कुठल्या प्रतिकृतीला विचारायचं?

ठोके सुरू झाले. लांबून, मग जवळून. भिकारच वाजत होते. ते गल्लीत शिरले मात्र, आणि मुकुंदने सांगितल्याप्रमाणे पत्र्यांवरून उलटे फिरून गिरणीच्या भिंतीकडे चालू लागले. अश्लेषाचेच पाय जडावले. तिने ते मुद्दाम आपटले. जाकिटातला बर्फ वितळून पाण्याची धार पाठीवरून उतरत होती.

एक फेरी झाली. दुसरी झाली. एकही दार हललं नाही.

मग सोमाजींच्या घराचं मोडकं दार बाजूला सरकलं. त्यांच्या दाराला आता कडीच नव्हती. सोमाजी बाहेर आले, डोळे सुजलेले, खांद्यावर कोरडाच पंचा. ठोके ज्या बाजूला जात होते तिकडे, गिरणीच्या भिंतीकडे ते वळले.

अश्लेषाने धावत जाऊन त्यांचा दंड धरला. "इकडून, सोमाजी काका."

"आवाज तर तिकडं चालला बाई."

"या गल्लीत आवाज चुकतोय. मला माहीत आहे. तुम्ही माझ्याबरोबर या."

ते थांबले. तिच्याकडे नीट पाहिलं. ही कोण, हे त्यांना ठाऊक होतं. काल भोंगा कुणी वाजवला, हेही. तिने नजर वळवली नाही. दंडही सोडला नाही.

"कालचा आवाज आला तवा तिनं दार लावलं," सोमाजी म्हणाले. "मी म्हणलं लाव. मीच म्हणलं."

ठोक्यांची आणखी एक फेरी त्यांच्यावरून गेली.

सोमाजींनी तिच्या हातातून दंड सोडवून घेतला. ती घाबरली, वाटलं आता हे आत जाऊन बसणार. पण ते शेजारच्या दारापाशी गेले आणि त्यांनी हाताच्या मुठीने ते बडवायला सुरुवात केली.

"अगा निघा! मी सोमाजी हावो. बाहेर काही नाही गा, काहीच नाही. दार काढा!"

अश्लेषा समोरच्या बाजूच्या दाराकडे धावली. बर्फ संपला होता आणि जाकीट अंगावर ओझं झालं होतं. ती ठोठावत राहिली, नावं घेऊन हाका मारत राहिली. मागून सोमाजींचा चिरकणारा आवाज येत होता. तिने कान दाराला लावला. आत बराच वेळ काहीच नव्हतं. मग लोखंडावर लोखंड घासल्याचा बारीक आवाज आला, थांबला, आणि कडी निघाली.